जुनी फ्रेंच पितळी ड्रिंक्स ट्रॉली घेताना 'मेझाँ जान्सेन' या नावावर विश्वास ठेवावा का?

तुम्ही लिहिलंय की पॅरिसहून जुन्या नवअभिजात (प्राचीन ग्रीक-रोमन वळणाच्या) घाटाची पितळी ट्रॉली आणायची आहे, पण जो तो विक्रेता आपली ट्रॉली 'मेझाँ जान्सेन'चीच म्हणतो. मी बरीच वर्षं पॅरिसजवळ राहते. आमच्याकडे अशी एक ट्रॉली आहे आणि तिच्यावर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जान्सेन ही पॅरिसमध्ये 1880 साली सुरू झालेली गृहसजावटीची पेढी. केनेडींच्या काळात व्हाइट हाउसच्या सजावटीचं काम केलेले स्तेफान बुदँ याच पेढीचे. एवढं मोठं नाव, त्यामुळे शिक्का नसलेल्या कितीतरी ट्रॉल्यांना ते चिकटवलं जातं. तेव्हा तोंडी सांगण्यावर जाऊ नका, पावती मागा. फ्रान्समध्ये कलावस्तूंच्या विक्रीबाबत 3 मार्च 1981चा सरकारी आदेश आहे. ग्राहकाने मागितलं की वस्तू काय आहे, कशाची आहे, कुठली, किती जुनी, हे विक्रेत्याला लिहून द्यावं लागतं. त्यात 'आत्रिब्युए आ' (म्हणजे 'अमुकची मानली जाते') असेल, तर वस्तू त्या कर्त्याच्या काळातली असल्याची हमी मिळते आणि ती त्याचीच मानायला भक्कम आधार असतो. 'स्तील' (अमुक शैलीची) किंवा 'दाँ ल गू द' (अमुकच्या धर्तीची) लिहिलं असेल, तर कर्त्याची किंवा काळाची कसलीच हमी नाही. अशी ट्रॉली वाईट असते असं मुळीच नाही, फक्त तिच्यासाठी नावाचे पैसे मोजू नका.

घाट अठराव्या शतकातला फ्रेंच राजा सोळावा लुई याच्या काळातला असला, तरी बाजारात दिसणाऱ्या बहुतेक ट्रॉल्या विसाव्या शतकातल्या. अठराव्या शतकात इटलीत हर्क्युलेनियम आणि पाँपेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहरांचं उत्खनन झालं आणि फ्रान्सला प्राचीन नक्षीची ओढ लागली. खोबणी पाडलेले पाय, ग्रीक चौकोनी नागमोडी पट्टी, टोकाला पाइनचं बोंड, हे सगळं तिथूनच आलं. ट्रेभोवतीचा जाळीदार कठडा मला सगळ्यात आवडतो: दिसतो नाजूक, पण ट्रॉली ढकलताना पेला घसरू देत नाही.

दुकानात बाटल्या उतरवायला सांगा आणि ट्रॉली स्वतः ढकलून बघा. चाकं अडखळतात का, सांध्यात डुगडुगते का, हे हातालाच कळतं. खिशात छोटं चुंबक ठेवा. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे, पण तेवढ्याने ती टाकाऊ ठरवू नका, कारण बागेससारख्या चांगल्या पेढीनेही सोनेरी मुलाम्याचं लोखंडी काम केलं आहे. चुंबक चिकटत असूनही विक्रेता 'भरीव पितळ' म्हणत असेल, तर मात्र तिथून निघा.

आणि घरी आणल्यावर चिंच लावू नका! देवघरातल्या समईची सवय हाताला असते. मीही पहिल्या दिवाळीला तेच केलं आणि एका कोपऱ्यावरचा चांदीचा मुलामा निघून खालचं पितळ उघडं पडलं. मुलामा असो वा लॅकर, मऊ कोरडं फडकं पुरतं. 'किर' या वाइनच्या पेयाचे पेले सांडले, तर ओल्या कापडाने टिपून लगेच कोरडं करायचं.