कुंडीतली माती आणि दुधाच्या चार बाटल्या

पत्र: माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. ताट दिसलं की तोंड फिरवतो. मोबाईल लावून तासभर मागे लागलं की चार घास जातात. सासूबाई त्याला चहात बुडवून बिस्किटं देतात, सांगितलं तरी ऐकत नाहीत, त्यावरून रोज वाद होतात. दिवसा दोन आणि रात्री मी देते त्या दोन अशा दुधाच्या चार बाटल्या होतात, तेवढाच आधार. वजन ११ किलो २०० ग्रॅम. भूक लागायचं एखादं चांगलं टॉनिक सुचवाल का? ता. क. हल्ली बाल्कनीतल्या कुंडीतली माती खातो, ओरडलं की थांबतो.
– एक त्रासलेली आई, चिंचवड

उत्तर:

अगं, निम्मं पत्र सासूबाईंवर खर्च केलंस आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ता. क.मध्ये ढकललीस! एखाद्या वेळी माती तोंडात घालणं सगळ्याच पोरांचं चालतं. पण जेवण नको आणि माती मात्र पुन्हापुन्हा हवी, असं दिसलं की त्याला ओरडायचं नसतं, त्याच्या अंगातलं लोह तपासायचं असतं.

या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी) व फेरिटिन या रक्ताच्या दोन तपासण्यांबद्दल विचार. या वयात हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर ॲनिमिया धरतात. ते ११च्या वर आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन मागाहून उतरतं, आणि तो साठा फेरिटिनवरून कळतो. सर्दी-तापात फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, म्हणून तो बरा असताना त्याचं रक्त तपासायला दे. माती पोटात गेली आहे, तेव्हा जंतांच्या औषधाचंही तिथेच विचार. ॲनिमिया निघाला तर लाजायचं कारण नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे ६७ मुलांना तो होता.

आता तुझा ‘आधार’. बाटली २४० मिलिची धरली तर चार बाटल्या म्हणजे जवळजवळ लिटरभर दूध. फुल क्रीम दुधाच्या १०० मिलित ८५च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे ८०० इथेच झाल्या. या वयाच्या मुलाला दिवसभरात लागतात साधारण हजार. राहिलेल्या कॅलरी बिस्किटांनी भरल्या. त्याला भूक लागणार कधी? एवढ्या दुधात लोह नावापुरतं असतं, आणि दुधातलं कॅल्शियम जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही. लोह उतरलं की भूक मरते, भूक मेली की तू आणखी दूध पाजतेस. वजन वयाच्या तक्त्यात बसतंय, म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हा बाटली बंद. दिवसभरात ४०० मिलि दूध पुरे, तेही पेल्यातून. सकाळी २०० आणि दुपारी चारला २००. दिवसाच्या बाटल्या उद्यापासूनच काढ. रात्रीच्या दोनपैकी आधी मध्यरात्रीची घे आणि दर दोन रात्रींनी ४० मिलि कमी करत जा. ती सुटली की झोपतानाची तशीच. तीन-चार आठवड्यांत दोन्ही सुटतील. दातांनाही ते बरं, रात्रभर तोंडात दूध राहिलं की पुढचे वरचे दात आधी किडतात.

तिसऱ्या-चौथ्या रात्री तो रडून घर डोक्यावर घेईल. सकाळी तुला कामावर जायचं असेल आणि हात बाटलीकडे जाईल. तुझी झोपमोड होणार हे मला कळतंय गं, पण त्या रात्री पाणी दे, थोपट, दूध देऊ नकोस. एकदा दिलंस की पोरगं शिकतं, जास्त रडलं की मिळतं. पहिले चार दिवस तो दूधही कमी पिईल आणि जेवणारही नाही. बहुतेक घरं इथेच कच खातात.

दोन खाण्यांमध्ये अडीच तास पाण्याशिवाय काही नको. ताटात दोन चमचेच वाढ, मागितलं तर आणखी. मोबाईल बंद, वीस मिनिटं झाली की न बोलता ताट उचल. मटकीची उसळ मऊ करून वर लिंबू पिळ, लिंबामुळे कडधान्यातलं लोह जास्त अंगी लागतं. घरात चालत असेल तर अंडं, खिमा. बीट आणि डाळिंबावर भिस्त ठेवू नकोस, त्यांच्या रंगाचा आणि लोहाचा काही संबंध नाही.

लोहाचं सिरप डॉक्टर वजनावरून लिहून देतील, मनाने आणू नकोस. ते दुधाबरोबर द्यायचं नाही, मध्ये दोन तास जाऊ देत. ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोड आणि वर पाणी पाज, नाहीतर दात काळे दिसतात. शी काळपट होईल, घाबरू नकोस. हिमोग्लोबिन वाढलं म्हणून लगेच थांबवायचं नाही, साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. सिरपची बाटली कपाटात कुलपात ठेव, पोराने एकदम प्यायली तर जिवावर बेतू शकतं. खरोखर लोहच कमी असेल तर आठवडाभरात चिडचिड कमी होऊन भूक लागायला लागेल. पण तळहात पांढरे पडले असतील, खेळताना धाप लागत असेल किंवा शीतून रक्त जात असेल, तर उद्याच जा.

टॉनिकचं नाव मी देणार नाही. भूक वाढवायची म्हणून मिळणाऱ्या कित्येक सिरपांमध्ये सायप्रोहेप्टाडीन हे मुळात ॲलर्जीचं औषध असतं. त्याने गुंगी येते, आणि औषध थांबलं की भूक होती तिथेच.

राहिल्या सासूबाई. चहाने लोह अडतं, हे खरंच आहे, तेव्हा चहा बंद व्हायला हवा. पण ते तू सांगू नकोस. तपासणीला त्यांना बरोबर ने आणि डॉक्टरांनाच सांगू दे. रात्रीच्या बाटल्यांचं मात्र तिथे तूच सांग, त्या तू देतेस.