‘सिट-इन’ म्हणजे ठिय्या की धरणे?

साठच्या दशकातल्या अमेरिकी विद्यार्थी चळवळीवर मराठीत लिहिताना ‘सिट-इन’ला ठिय्या म्हणावं की धरणे, असा प्रश्न आला आहे. मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. का, ते कळायला आधी एक काउंटर डोळ्यांपुढे आणा.

१ फेब्रुवारी १९६०, नॉर्थ कॅरोलायनातलं ग्रीन्सबरो. कॉलेजातली चार कृष्णवर्णीय मुलं वूलवर्थच्या दुकानात शिरली, टूथपेस्टसारखी किरकोळ खरेदी केली, पावत्या जपून ठेवल्या आणि खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. ते स्टूल फक्त गोऱ्यांसाठी. एका काउंटरवर यांचे पैसे चालले, दुसऱ्यावर माणसं चालेनात! कॉफी आली नाही, पण दुकान बंद होईपर्यंत मुलं उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी जण आले आणि पुस्तकं उघडून अभ्यास करत बसले. जुलैअखेर तो काउंटर सर्वांना खुला झाला.

आता धरणे घ्या. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा, ते मूळचं धरणे. त्याला दार नको असे, येणं हवं असे. कचेरीपुढे ठिय्या देणाऱ्यालाही कचेरीत बसायची हौस नसते. १९३६-३७मध्ये अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात जनरल मोटर्सचे कामगार ४४ दिवस कारखान्यातच बसून राहिले, त्याला ‘ठिय्या’ अगदी चपखल. ग्रीन्सबरोत मात्र त्या स्टुलावर बसणं हीच मागणी होती. मागायचा तो हक्क थेट बजावायचा. १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर हेच घडलं: पाण्याचा हक्क सांगायला लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याला आपण सत्याग्रह म्हणतो.

म्हणून मी ‘बैठा सत्याग्रह’ लिहितो. हा शब्द ओढूनताणून आणलेला नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात विद्यार्थ्यांना अशाच ‘सिट-इन’साठी तयार करणारे जेम्स लॉसन पन्नाशीच्या दशकात नागपुरात हिस्लॉप कॉलेजात होते आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करून परतले होते. त्यांच्या शिबिरांत मुलं एकमेकांना शिव्या देत, ढकलत, आणि समोरच्यानं हात उचलायचा नाही याची तालीम करत.

१९६५चं मिशिगन विद्यापीठातलं ‘टीच-इन’ याच धर्तीवर घडलेला शब्द, पण तिथे सत्याग्रह लावू नका. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रात्रभर व्याख्यानं आणि चर्चा चालल्या होत्या, त्याला ‘निषेध-वर्ग’ पुरे.