जातानी पाच तास, येतानी साडेतेरा काहून?

प्रश्न : माहा लेक शिकाले लंडनले चालला. तिकिटावर लिवलं हाय का मुंबईहून दुपारी दीडले निघते अन् संध्याकाळी साडेसहाले पोचते, म्हंजे पाचच तास. येतानी रात्री साडेआठले निघून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाले, म्हंजे साडेतेरा तास. एकाच वाटेले इतका फरक काहून?
(एक वाचक भगिनी, ता. दारव्हा)

उत्तर : ताई, तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. ते हिशोबात धरा; जाताना साडेनऊ तास होतात, येताना नऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागं घेतात, मग हाच फरक साडेपाच तासांचा होतो.

आता उरला अर्धा तास. तो वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो, कधी ताशी दीड-दोनशे किलोमीटरनं. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. पृथ्वी फिरते म्हणून हे होतं असं पुष्कळजण सांगतात, पण हवाही पृथ्वीसोबतच फिरते.

मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये शिवणाचा दोरा ताणून धरायला मुलांना सांगायचो. दोरा इराणवरून, काळ्या समुद्राजवळून, युक्रेन-पोलंडवरून जायचा. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट वाकडी दिसते म्हणून मुलं वाद घालायची. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे, म्हणून विमानं दक्षिणेकडून वळसा घेतात आणि अंतर आणखी वाढतं.

पण ताई, मला काळजी मुंबईच्या आधीच्या वाटेची आहे. दारव्हा-यवतमाळ-नागपूर एसटीनं पाचेक तास, नागपूर-मुंबई विमानाचे दीड तास, आणि परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचं. माझ्या मुलीचं नागपूरचं विमान डिसेंबरच्या धुक्यात तीन तास उशिरा सुटलं आणि मुंबईचं पुढचं निघून गेलं. तिकिटं वेगवेगळी काढली होती, त्यामुळं कोणी जबाबदारी घेतली नाही. दुसरं तिकीट काढायला घरचे पैसे गेले, पोरगी रात्रभर बाकड्यावर बसून होती. नागपूर ते लंडन एकाच तिकिटावर काढता आलं तर तसंच काढा. नाही तर लेकाला आदल्या रात्रीच मुंबईत पोचवा, मुक्कामाचे पैसे लागले तरी.

विमान लंडनला टेकेल तेव्हा आपल्याकडं रात्रीचे अकरा वाजलेले असतील. पुढं पासपोर्टची रांग, सामान, यात तास-दीड तास सहज जातो. साडेबारापर्यंत फोन आला नाही तर घाबरू नका.