आधी नोंद, मग ताळेबंद

नागपूर

बाळ,

तुझ्या वहीतला ताळेबंद पाहिला. दोन्ही बाजू छान जुळल्या आहेत. जुळणारच, कारण देयतेच्या बाजूला शेवटी तू ‘किरकोळ देणी २,४००’ लिहून मोकळी झालीस. ही देणी तेरजेत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीत नाहीत, आणि तिच्याखालच्या समायोजनांत, म्हणजे वर्षअखेरच्या दुरुस्त्यांतही नाहीत. आली कुठून गं?

तो आकडाच सगळं सांगतो. २,४०० चे अर्धे १,२००, आणि समायोजनांत ‘अदत्त मजुरी १,२००’ आहे. व्यापार खात्यात तू ती मजुरीत मिळवलीस, बरोबर. ताळेबंदात मात्र संपत्तीकडे लिहिलीस. नफा १,२०० नी घटला म्हणून भांडवल तेवढं कमी, पलीकडे संपत्ती तेवढीच फुगली. झाला २,४०० चा फरक. रोजकिर्दीतली नोंद लिहिली असतीस तर हात तिथेच थांबला असता: मजुरी खाते नावे (डेबिट), अदत्त मजुरी खाते जमा (क्रेडिट). मजुरांचे द्यायचे राहिलेले पैसे, ते संपत्ती कसे होतील?

म्हणून म्हणतो, आधी नोंद लिही.

कोणतं समायोजन कुठल्या दोन जागी दाखवायचं, तो दोन परिणामांचा तक्ता तुला पाठ आहे, ठाऊक आहे मला. तोच घात करतो. हीच अदत्त मजुरी तेरजेच्या आत जमेला दिलेली असली की तिची नोंद होऊन गेलेली असते, ती फक्त ताळेबंदात देयतेकडे जाते. तक्तेवाली मुलं ती पुन्हा मजुरीत मिळवतात. नोंद लिहायला बसलं की कळतं, इथे लिहायला काही उरलेलंच नाही.

आणि जुळलं म्हणजे बरोबर, हे डोक्यातून काढ बाप्पा! त्याच गणितात फर्निचर ६०,००० चं, पैकी २०,००० चं १ ऑक्टोबरला घेतलेलं. वर्षअखेर ३१ मार्च, घसारा, म्हणजे वापराने होणारी किमतीतली घट, दरसाल १० टक्के. तू सरसकट ६,००० कापलेस. जुन्या ४०,००० वर ४,०००, नव्यावर सहा महिन्यांचे १,०००, मिळून ५,००० हवे होते. तुझा नफाही हजाराने घटला आणि फर्निचरही, त्यामुळे ताळेबंदाने चूक गुमान गिळली. तसंच, इतवारीतल्या किराणा दुकानदाराने दुकानात वापरायला काउंटर घेतला तर फर्निचर खाते नावे. फर्निचरच्या व्यापाऱ्याने तोच विकायला घेतला तर खरेदी खाते. इथे खातं चुकलं तरी तेरीज जुळतेच. ही चूक नोंदीच्या ओळीतच पकडायची, पुढे कोणी पकडून देत नाही.

आपल्या वहीत नावे असलेले पैसे पासबुकात जमा कसे, हे तुझं कोडं सोपं आहे. नोंद लिहिण्याआधी विचार, वही कोणाची? आपण पैसे भरले की आपल्या वहीत बँक खाते नावे. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतल्या आपल्या खात्याची नक्कल, आणि तिच्या लेखी ते पैसे म्हणजे तिने आपल्याला द्यायचं देणं. म्हणून तिकडे जमा. आपली वही आणि पासबुक यांतला फरक जुळवणाऱ्या बँक जुळवणी पत्रकात अधिक-वजा उलटे पडतात ते हे न विचारल्यामुळे.

वेळ जातो म्हणशील. जातो. दहा समायोजनांच्या नोंदी कच्च्या पानावर पाच मिनिटांत होतात. न जुळलेला ताळेबंद शोधायला परीक्षेत वीस मिनिटं जातात. टॅलीच्या, म्हणजे संगणकावरच्या हिशेबाच्या, जमान्यात हाताने रोजकीर्द कशाला, असं मलाही ऐकवतात. म्हणोत हट्टी. जर्नल व्हाउचर, म्हणजे हीच नोंद, टाकताना नावे कोण, जमा कोण, हे टॅलीलाही माणसालाच सांगावं लागतं नं?

रविवारी ये. हेच गणित पुन्हा सोडवून आण, सगळ्या समायोजनांच्या नोंदी स्पष्टीकरणासकट आणि तारखा घालून. पेनाने. नाहीच जुळलं तर फरक तसाच उघडा ठेव, ‘किरकोळ देणी’ नकोत. फरकाला ९ ने भाग जातो का तेवढं पाहून ठेव. जात असेल तर ५,४०० चे कुठे ४,५०० उतरवलेस ते आधी शोधू.

तुझा,
काका