ताईंना विचारा: दर वेळी मीच का समजावून सांगायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी ३१ वर्षांची, बाल्टिमोरजवळ राहते. आई मराठी, बाबा ब्लॅक अमेरिकन. मराठी आईकडून शिकले, लिहिताना चुकते, सांभाळून घ्या. लोक मला बघतात ते ब्लॅक म्हणूनच आणि मीही स्वतःला ब्लॅकच म्हणते. गेले आठ महिने एका गोऱ्या मुलाला डेट करतेय, चांगला आहे, खरंच चांगला आहे. थँक्सगिव्हिंगला पहिल्यांदा त्याच्या घरी गेले. त्याची आई तीनदा म्हणाली, अगं तू किती छान बोलतेस! काकांनी विचारलं मूळची कुठली, मी म्हटलं बाल्टिमोर, तर म्हणे तसं नाही, खरी कुठली. हसून वेळ मारून नेली. परत येताना गाडीत रडू आलं तर हा म्हणाला त्यांच्या मनात तसलं काही नव्हतं, तू फार मनाला लावून घेतेस. इकडे बाबांच्या बहिणी विचारतात, आपल्यातला एकही मुलगा सापडला नाही का तुला? आणि मैत्रिणी म्हणतात तू स्ट्राँग आहेस, करशील हँडल. मला हँडल करायचाच कंटाळा आलाय. ब्रेकअप करू का? आणि आत्यांशी मी बेइमानी करतेय का?

उत्तर: पहिलं वाक्य मी लिहिलं होतं की तुझं मराठी किती छान आहे, आणि मग लक्षात आलं की मी पण त्याच्या आईच्याच शेजारी खुर्ची टाकून बसतेय, म्हणून खोडलं. त्या वाक्यातली खोच कौतुकात नाहीये, आश्चर्यात आहे. इथेच जन्मलेल्या, इथेच शिकलेल्या मुलीला इंग्रजी नीट येतं याचं नवल वाटतं म्हणजे मनात आधी काय धरून ठेवलं होतं ते समजतं.

पण मला टेबलापेक्षा गाडीची काळजी जास्त वाटते. टेबलावर जे झालं ते त्याच्या घरच्यांनी केलं, गाडीत जे झालं ते त्यानं. तुला लागलंय हे तू दाखवलंस आणि त्यानं लगेच आईची बाजू लावून धरली, म्हणजे रडत असताना पण तुलाच पुरावे गोळा करत बसावं लागलं की बघ मला असं का वाटलं. हे समजावून सांगायचं काम आहे ना, ते ऑफिसात करावं लागतं, डॉक्टरकडे, दुकानात, सगळीकडे करावं लागतं. घरी आल्यावर पण तीच ड्यूटी चालू राहिली तर माणूस थकणारच, त्यात तुझ्या स्वभावाचा काही दोष नाही.

म्हणून ब्रेकअपच्या आधी एक कर. एकदाच, शांतपणे, रडू येत नसेल अशा दिवशी त्याला सांग की मला काय लागलं आणि मला काय हवंय. हवंय काय, तर पुढच्या भेटीआधी आईशी आणि काकांशी त्यानं स्वतः बोलायचं, तू तिथे नसताना, तुझं नाव पुढे न करता. 'तिला वाईट वाटलं' असं नाही म्हणायचं, 'मला हे पटलं नाही' असं म्हणायचं. आणि टेबलावर पुन्हा तसं काही झालं तर पहिला आवाज त्याचा आला पाहिजे. मग तू फक्त बघत राहा. तो चुकेल, अडखळेल, आई रुसेल, ते चालेल. पण तुला दुसऱ्यांदा आठवण करून द्यावी लागली, किंवा बोलून आला आणि वर तुझ्याकडून शाबासकीची वाट बघत बसला, तर मग तुझा प्रश्न मला परत विचारायची गरज पडणार नाही.

आता आत्या. त्यांच्यावर चिडू नकोस, पण त्यांचं ऐकायलाच पाहिजे असंही नाही. त्या जे बोलतात त्याच्या मागे फार जुनं दुखणं आहे. व्हर्जिनियात १६६२ साली कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरणार. म्हणजे गोऱ्या मालकानं गुलाम बाईवर जबरदस्ती केली तर होणारं मूलसुद्धा गुलामच, बापाला जबाबदारी शून्य आणि वर मालमत्तेत भर. आणि त्याच व्हर्जिनियात १६९१ साली गोऱ्यांनी काळ्यांशी लग्न करायला बंदी आली. थोडक्यात, लग्न चालणार नाही पण बाकी सगळं चालेल. ज्या घरांतून ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या आलीये तिथे गोरा जावई म्हटल्यावर पोटात गोळा येतो, साहजिक आहे.

दुसरी गोष्ट आत्या बोलून दाखवणार नाहीत, मी दाखवते. प्यू रिसर्चच्या अभ्यासात २०१५ मध्ये लग्न झालेल्या ब्लॅक पुरुषांपैकी २४ टक्क्यांनी दुसऱ्या वंशाच्या जोडीदाराशी लग्न केलेलं होतं, ब्लॅक बायकांमध्ये हाच आकडा १२ टक्के. म्हणजे दुप्पट पुरुष बाहेर लग्न करतात आणि समाजाशी निष्ठा कोणी राखायची तर मुलींनी! भावानं किंवा चुलतभावानं गोरी मुलगी घरी आणली तेव्हा त्याला आत्यांनी हाच प्रश्न विचारला होता का, हे एकदा जेवताना सहज विचारून बघ. आत्यांचं दुःख खरंय, फक्त पावती चुकीच्या माणसाच्या नावावर फाडतायत. (आणि हो, तुझे बाबा काय म्हणतात ते तू लिहिलंच नाहीस. त्यांनी स्वतः बाहेर लग्न केलंय, त्यांना बहिणींशी बोलू दे की जरा, सगळं तूच का करायचं.)

आणि मैत्रिणींचं ते स्ट्राँग. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. शेरिल वुड्स-गिस्कोम्बे नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी ब्लॅक बायकांशी बोलून २०१० मध्ये यावर मांडणी केली, सुपरवुमन स्कीमा म्हणतात तिला. कायम खंबीर दिसायचं, भावना दाबायच्या, कुणावर अवलंबून राहायचं नाही, साधनं नसली तरी यशस्वी व्हायचंच, आणि स्वतःच्या आधी दुसऱ्याला मदत करायची. यातून बायका तगल्या हे खरं, पण ताण, बिघडलेली झोप, शरीराची हेळसांड हे सगळं त्यातूनच आलं. आणि समोरच्यालाही सवय लागते, की हिला काही होत नाही. सेरेना विल्यम्सचं उदाहरण बघ. २०१७ मध्ये मुलगी झाल्यावर तिला श्वास लागला, आधी फुप्फुसात गुठळ्या झालेल्या असल्यामुळे तिला स्वतःला कळलं होतं काय होतंय, तिनं स्कॅन करा म्हणून सांगितलं तर नर्सला वाटलं औषधांच्या गुंगीत बोलतेय. तिनं हट्ट सोडला नाही म्हणून गुठळ्या सापडल्या. एवढी मोठी खेळाडू, नवरा पैसेवाला, तरी ही गत. २०२३ चे सरकारी आकडे सांगतात की एक लाख जन्मांमागे ब्लॅक आयांचे मृत्यू ५०.३ आणि गोऱ्या आयांचे १४.५. 'तू मनाला लावून घेतेस' या वाक्याची मला एवढी चीड का येते ते आता कळलं असेल. उद्या तू हॉस्पिटलात असशील तेव्हा तुझं दुखणं पहिल्या फटक्यात खरं मानणारा माणूस बाजूला हवा, गाडीतला प्रसंग ही त्याची छोटी रंगीत तालीमच समज.

सेल्फ-केअर म्हणून मेणबत्त्या नि फेसमास्क सुचवणार नाही, आवडत असेल तर कर बापडी. मी म्हणेन की त्याच्या घरी जाऊन आल्यावरचा दुसरा दिवस रिकामा ठेव, कुणालाही भेटायचं नाही, झोपायचं. फोन उचलायचा तर अशा मैत्रिणीचा जिच्याशी बोलताना मुळापासून सुरुवात करावी लागत नाही. थेरपिस्ट ब्लॅक बाई मिळाली तर उत्तम, म्हणजे तासातली पहिली वीस मिनिटं प्रस्तावनेत जाणार नाहीत. डॉ. जॉय हार्डन ब्रॅडफर्ड यांनी २०१४ मध्ये थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स सुरू केलं, तिथे थेरपिस्टची यादी आहे. आणि चालायला आवडत असेल तर गर्लट्रेक नावाची ब्लॅक बायकांची चालण्याची चळवळ आहे, २०१० पासूनची, तुमच्या भागात ग्रुप आहे का बघ.

प्रश्न: ताई, मी २९, डॅलसजवळ आयटीत आहे. गर्लफ्रेंड ब्लॅक आहे, दोन वर्षं झाली. तिचा रविवार केसांत जातो, पूर्ण दिवस, कुठे जाता येत नाही. रात्री सॅटिनची टोपी घालून झोपते. मध्ये माझी बहीण आलेली, तिनं कौतुकानं केसांना हात लावला तर ही दोन दिवस धड बोलली नाही. जरा अती नाही का होत? बाकी सगळं मस्त आहे. घरी अजून सांगितलेलं नाही, योग्य वेळ बघतोय.

उत्तर: केसांचं आधी उरकते. तिचे केस कुरळे, टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे ते पटकन कोरडे होतात आणि तुटतात. म्हणून रोज धुता येत नाहीत, आठवड्यातून एकदा बसून धुणं, गुंता सोडवणं, बांधणं सगळं करावं लागतं. सॅटिनची टोपी म्हणजे बॉनेट, सुती उशी ओलावा शोषते आणि घासते म्हणून. याच केसांवरून मुलींना शाळेतून घरी पाठवलंय, नोकऱ्या नाकारल्यात, इतकं की त्यासाठी क्राउन अ‍ॅक्ट नावाचा वेगळा कायदा करावा लागला, २०१९ मध्ये पहिल्यांदा कॅलिफोर्नियात, आणि तुझ्या टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. लोकांनी न विचारता हात लावणं हे ती लहानपणापासून सोसत आली असणार. मी नवीन आले होते तेव्हा ऑफिसातल्या एका बाईच्या वेण्यांना असाच हात लावला होता, ती एवढंच म्हणाली, मी कधी तुझ्या केसांना हात लावलाय का? आजही आठवलं की कानकोंडं होतं.

आता खरा प्रश्न, जो तू शेवटच्या ओळीत सरकवलास. बहिणीला ती कोण म्हणून भेटली? फ्रेंड म्हणून ना? मग दोन दिवसांचा अबोला केसांमुळे होता असं तुला खरंच वाटतं? दोन वर्षं तू तिला लपवतोयस आणि तिला त्याचं कारणही माहितीये, गोऱ्या रंगाचं वेड आपल्याकडे काय आहे हे तिला तुझ्याकडून कळायची गरज नाही. योग्य वेळ दोन वर्षांपूर्वीच होऊन गेली. या आठवड्यात घरी फोन कर, आणि फोनवर जे ऐकायला मिळेल ते तिच्यापर्यंत जसंच्या तसं नेऊन ओतू नकोस, तुझे आईबाबा तू सांभाळ. हे जमणार नसेल तर तेवढं तरी तिला स्पष्ट सांग, म्हणजे तिचे रविवार तरी मोकळे होतील.

प्रश्न: माझी शिकागोतली रूममेट ब्लॅक आहे, हुशार, देखणी. डेटिंग अ‍ॅपवर एकतर उत्तरंच येत नाहीत, नाहीतर येतात ती 'मी कधी ब्लॅक मुलीबरोबर नव्हतो' किंवा चॉकलेट वगैरे. ती म्हणते फोटोच बदलते किंवा काढूनच टाकते. काय सांगू तिला?

उत्तर: सांग की हा तिचा भ्रम नाही. ओकेक्युपिड या अ‍ॅपनं २००९ मध्ये स्वतःचीच आकडेवारी छापली होती, त्यात ब्लॅक बायका आलेल्या मेसेजना सगळ्यात जास्त उत्तरं देत होत्या आणि त्यांना मात्र सगळ्यात कमी उत्तरं मिळत होती. २०१४ मध्ये परत बघितलं, चित्र फारसं बदललेलं नव्हतं. तेव्हा फोटोत काही खोट नाही, राहू दे तोच. चॉकलेटवाल्याला सुधारायला जायचं नाही, ब्लॉक, विषय संपला. आणि जो बरा वाटेल त्याला लवकर विचारायचं की तुझ्या जवळच्या मित्रमैत्रिणींत ब्लॅक कोण आहे, उत्तरापेक्षा उत्तर देतानाचा चेहरा बघायचा, म्हणून व्हिडिओ कॉलवर विचारायचं! तू एवढंच कर, 'स्टँडर्ड जरा कमी कर' हे वाक्य तिला कधी म्हणू नकोस. अ‍ॅपपासून महिनाभर सुट्टी घ्यायची असेल तर घेऊ दे, तेव्हा तिला पिक्चरला घेऊन जा.

प्रश्न: आपल्या सदरात हा विषय फार येतो. अमेरिकेत १९६७ पासून अशी लग्नं कायदेशीर आहेत, मग आता कशाला एवढा बाऊ? — एक ज्येष्ठ वाचक

उत्तर: काका, साल तुम्ही अचूक सांगितलंत. १२ जून १९६७, त्या दिवशी सुप्रीम कोर्टानं लव्हिंग जोडप्याच्या खटल्यात निकाल दिला. मिल्ड्रेड ही ब्लॅक आणि नेटिव्ह अमेरिकन वंशाची, रिचर्ड लव्हिंग गोरा, १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं आणि काही आठवड्यांतच व्हर्जिनियातल्या घरात मध्यरात्री शेरीफ बेडरूममध्ये घुसला. शिक्षा काय, तर एक वर्ष कैद, पण २५ वर्षं राज्यात एकत्र पाऊल ठेवणार नसाल तर माफ. सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं तेव्हाही एकूण १६ राज्यांत हा गुन्हा होता. गॅलपच्या पाहणीत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला १९५८ मध्ये ४ टक्के लोक होकार देत होते, २०२१ मध्ये ९४ टक्के, म्हणजे बदल झालाय, मी नाही म्हणतच नाही. पण अलाबामाच्या राज्यघटनेत ती बंदी कागदावर २००० सालापर्यंत होती, आणि ती काढायची का यावर मतदान झालं तेव्हा शंभरातल्या चाळीसएक जणांनी राहू द्या असं मत दिलं. २००० साल, काका. ते मतदार काही सगळे गेलेले नाहीत, थँक्सगिव्हिंगला कुणाकुणाच्या टेबलावर बसून विचारत असतील, तसं नाही, खरी कुठली.