एका घरातले दोन 'च'

दिवाळीनंतर, बारावीच्या मुलांना फॉर्मचे वेध लागले की माझ्या कुडाळच्या समुपदेशनाच्या खोलीत एक तक्रार हमखास येते. "मॅडम, हिनं कसलातरी वेगळाच कोर्स डोक्यात घेतलाय. नावसुद्धा नीट घेता येत नाही." मागे ते नाव फॉरेन्सिक होतं, आता अधूनमधून कायनेसिऑलॉजी असतं. म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र.

मालवणकडची मानसी (नाव बदललंय) कबड्डीपटू. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, वर्षभर फिजिओथेरपी झाली आणि त्यातून या विषयाचं वेड लागलं. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून समुद्रातलं मोठं जाळं ओढायला, जाणारे. पहिल्या भेटीत ते खुर्चीच्या कडेवर बसून होते.

"ता काय असता? ता शिकान पोट भरतलां?"

मी पगाराचं बोलायला लागले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या भेटीत खरं निघालं. वाडीत कुणी विचारलं, मुलगी काय शिकते, तर सांगायचं काय? डॉक्टर म्हटलं की पुढे बोलावं लागत नाही.

माझी समुपदेशनाची बैठक विवेकनिष्ठ विचारांची, म्हणजे 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट माणसाला अडवतो असं मानणारी. त्यामुळे माझा कान बोलण्यातल्या 'च' कडे असतो. "सगळ्यांना कळेल असंच शिकली पाहिजे" हा वडिलांचा 'च' लगेच सापडला. मुलीचा मात्र मलाही उशिरा ऐकू आला. "मला कायनेसिऑलॉजीच करायचंय, कॅनडातच." मी तोवर तिच्या बाजूनं वकिली करत होते, हे कबूल करते.

तिसऱ्या भेटीत वकिली थांबवली आणि वडिलांना विचारलं, "काका, नवा पोरगा रापणीवर आला तर त्याला काय शिकवता?"

ते उठले. मानसीची ओढणी मागितली, एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. टाचा फरशीत रोवल्या, गुडघे किंचित वाकवले आणि अंग मागे झोकून दिलं. हात सरळच. "जो हातान ओढता तो दुपारी आडवो. आंगाचो भार मागे टाकूचो."

मानसी त्यांच्या पायांकडे बघत होती. "बाबा, तुमचो उजवो पाय बाहेर वळता. म्हणान कंबर दुखता तुमची." मग एकदम म्हणाली, "ह्यांच तर शिकूचां आसा माका!"

हा 'च' मी काढायला लावला नाही.

वडील ओढणी हातात धरूनच खाली बसले, या खेपेला खुर्चीत मागे टेकून. "मगे ह्यां तर माका येता!" पंचवीस वर्षांच्या कामात असे क्षण थोडे येतात. मी गप्प राहिले, त्याचं श्रेय मात्र घेते.

पुढचं व्यवहाराचं, जे मी अशा प्रत्येक घराला सांगते. कॅनडात ही साधारण 4 वर्षांची पदवी असते: शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स (हालचालीमागचं बलांचं गणित), व्यायामाचं विज्ञान आणि मुलं विसरतात ते संख्याशास्त्र. तिथल्या ओंटारिओ प्रांतात 2013 पासून हा नोंदणी लागणारा आरोग्यव्यवसाय आहे. पण ही पदवी म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. तिथेही फिजिओ व्हायला पुढे मास्टर्स करावं लागतं. नुसती कायनेसिऑलॉजीची पदवी घेऊन इथे येऊन फिजिओचा बोर्ड लावू म्हणाल, तर तसं होत नाही. आपल्याकडे या नावाची स्वतंत्र पदवी शोधत बसण्यापेक्षा बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, बघा. त्यात कायनेसिऑलॉजी हा विषयच असतो. महाराष्ट्रात प्रवेश नीटमधून, बायॉलॉजी हवंच. ज्यांना रुग्ण नकोत, खेळाडू हवेत, त्यांनी स्पोर्ट्स सायन्सच्या पदव्या बघाव्यात. आणि हात दाबून बघून ॲलर्जी सांगणारी 'अप्लाइड कायनेसिऑलॉजी' वेगळी. तिला शास्त्रीय आधार नाही, तिच्या दोन दिवसांच्या सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका.

बीपीटीचं ऐकून मानसीचं तोंड उतरलं. कॅनडा सोडायचा म्हणजे हार, असं तिला वाटत होतं. मी एवढंच विचारलं, "नाव हवंय की विषय?" उत्तर द्यायला तिनं आठवडा घेतला. मग नीटची पुस्तकं आणली. परदेश मास्टर्सच्या वेळी बघू, असं दोघांत ठरलं.

निघताना वडिलांनी खिशातून डायरी काढली. "मॅडम, त्या विषयाचा नाव मराठीत लिवन देवा. मोठ्या अक्षरात."