नक्षी वेगळी, धार वेगळी: दमास्कस सुऱ्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मिनेसोटात राहतो आणि परवाना काढून हरणांची शिकार करतो. ४ इंची पात्याची ५१२ थरांची दमास्कस सुरी पाहिली आहे. साध्या पोलादापेक्षा तिची धार जास्त टिकेल का?

उत्तर : आजचे दमास्कस म्हणजे दोन जातींच्या पोलादांचे थर जोडून केलेले, नक्षी दिसणारे पोलाद. थर जास्त म्हणून धार जास्त टिकत नाही. ती टिकते पोलादाच्या जातीवर, पाणी कसे दिले आहे (तापवून झटकन थंड करून कडक कसे केले आहे) त्यावर आणि धारेच्या कोनावर. ८ थरांची चळत सहा वेळा दुमडली की ५१२ थर होतात, एवढेच त्या आकड्याचे कौतुक. ३ मिलिमीटर जाडीच्या पात्यात तेवढे थर बसवले तर एकेक थर केसाच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ होतो आणि नक्षीही धूसर दिसू लागते.

जाणकार कारागीर बहुधा १०९५ आणि १५एन२० या क्रमांकांच्या पोलादांची जोडी घेतात. पहिल्यात कार्बन सुमारे ०.९५ टक्के, दुसऱ्यात ०.७५ च्या आसपास आणि जोडीला २ टक्के निकेल. टाकणखार टाकून चळत पिवळीधमक तापवतात आणि घणाखाली जोडतात. त्या उष्णतेत कार्बन थराथरांतून सरकतो आणि सगळीकडे जवळपास सारखा होतो. म्हणून ‘कडक थर धार धरतो, मऊ थर लवचीकपणा देतो’ हे जाहिरातीपुरतेच खरे. निकेल मात्र फारसे हलत नाही. आम्लात ते उजळ राहते, बाकीचे काळवंडते, आणि तीच नक्षी.

थोडक्यात, नीट बनवलेली दमास्कस सुरी चांगल्या १०९५ च्या साध्या सुरीइतके काम देईल. पैसे जास्त जातील ते देखणेपणाचे. विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: पोलादे कोणती, आणि रॉकवेल कडकपणा (पोलादाच्या कडकपणाचे माप) किती. ५८ ते ६० असेल तर सोलायला आणि मांस काढायला उत्तम. ‘खास मिश्रण’ असे उत्तर आले तर पुढच्या दुकानात जा. चमक वाढवायला शुद्ध निकेलचे पत्रे घातलेले पातेही टाळा: निकेलला पाणी चढत नाही, त्यामुळे तो थर धारेवर आला की तिथे मऊ पट्टा राहतो. भिंगातून धार आणि पाठ तपासा. नक्षीशी न जुळणारी काळी रेघ दिसली तर तो न बसलेला जोड समजा. हरणाच्या सांध्यात पाते पिरगाळले की तिथूनच ते उकलते.

प्रश्न : नक्षी खरी की छापलेली, कसे ओळखावे?

उत्तर : पाठ पाहा. खरे थर पाठीवरूनही जातात. शंका उरलीच तर मुठीजवळ नखाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून आम्ल (पुढच्या उत्तरातले फेरिक क्लोराइडचे द्रावण) लावा. खरी नक्षी परत उमटते, छापलेली गेली की गेली.

प्रश्न : चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या सुरीवर तांबूस डाग पडले, नक्षीही फिकी झाली. काय करू?

उत्तर : दमास्कस पोलाद बहुतेक वेळा स्टेनलेस नसतेच. चामडे ओल धरते, कमावताना वापरलेली द्रव्ये त्यात उरतात, आणि रक्तातले मीठ त्यात भर घालते. म्यान फक्त कमरेला लावण्यापुरते. घरी सुरी धुऊन, कोरडी करून, खाण्यायोग्य खनिज तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळा.

नक्षी परत काढायची तर मुठीला टेप गुंडाळा. पाते ४०० पासून १००० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासा, मग अ‍ॅसिटोनने पुसा. यानंतर पात्याला बोट लावू नका, ठसा जसाच्या तसा उमटतो. दुकानात मिळणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणाच्या १ भागाला ३ ते ४ भाग डिस्टिल्ड पाणी घ्या. भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे, हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्या खिडकीपाशी. पाते ५ मिनिटे बुडवा, काढून पाहा, कमी वाटले तर पुन्हा बुडवा. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, तेल लावा. आम्ल धारही थोडी खाते, म्हणून धार सगळ्यात शेवटी लावायची.

प्रश्न : जुने दमास्कस भारतातून जायचे म्हणतात, ते हेच का?

उत्तर : नाही. ते वुट्झ. दक्षिण भारतात, तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत, बंद मुशीत वितळवलेले, सुमारे दीड टक्का कार्बनचे एकच पोलाद. त्यातली नक्षी घडवताना ओळीने जमणाऱ्या कार्बाइडच्या (लोखंड आणि कार्बनच्या संयुगाच्या) कणांची, थरांची नव्हे. थरांच्या आजच्या सुऱ्यांची लाट अमेरिकेत सुऱ्या घडवणारे कारागीर बिल मोरान यांनी १९७३ साली आपल्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्यानंतरची.